मी एकच दिलं, पायथन म्हणतो दोन दिली!

पोळीभाजी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, तंत्रज्ञानाच्या विभागात पहिल्यांदाच येतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कऱ्हाडात आमची घरगुती खानावळ आहे. महिन्याची ४२ मेंबरं, बहुतेक कॉलेजची पोरं. दोन वेळचे महिन्याला ३००० रुपये. आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा धरायचा, एका वेळेच्या खाड्याला ४० रुपये वजा. आजवर हे सगळं दोनशे पानी वहीत चालायचं. दिवाळीत भाचा आला होता, त्यानं लॅपटॉपवर पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) टाकून दिलं आणि म्हणाला, "मावशी, गिऱ्हाइकाचा एक क्लास कर, त्यात मेथड लिही आणि बाहेरून कॉल कर. झालं." एवढं बोलून गेला पुण्याला. फोन उचलत नाही. (एवढं कळलंय: क्लास म्हणजे साचा, मेथड म्हणजे त्यातलं एक ठरलेलं काम, कॉल म्हणजे ते करायला सांगणं.)

दोन महिने व्हिडिओ बघून बघून इथवर आलेय:

```
क्लास गिऱ्हाईक:
    डेफ खाडा_टाक(तारीख):
        प्रिंट(तारीख, "खाडा मांडला")

सुमित = गिऱ्हाईक()
सुमित.खाडा_टाक("१२ जून")
```

(क्लास, डेफ वगैरे मूळ फाइलीत इंग्रजीतच आहे, इथे मोबाईलवरून उतरवताना देवनागरीत केलंय. गिऱ्हाईक, खाडा ही नावं मात्र फाइलीतही मराठीच आहेत. भाचा म्हणाला चालतं, आणि चाललंसुद्धा.)

एरर असा येतो: "टाइपएरर: गिऱ्हाईक.खाडा_टाक() टेक्स १ पोझिशनल आर्ग्युमेंट बट २ वेअर गिव्हन".

म्हणजे कंसात जागा एक आणि मी दिली दोन. अहो, पण मी एकच दिलीय, तारीख! मधे जागा सोडली म्हणून "१२" आणि "जून" वेगळे धरले की काय, असं वाटून "१२जून" असं चिकटवूनही पाहिलं. तेच. शेवटी वैतागून कंस रिकामा ठेवला, सुमित.खाडा_टाक() एवढंच. तर चाललं! आणि छापलं काय, तर "<__मेन__.गिऱ्हाईक ऑब्जेक्ट..." आणि पुढे आकडे-अक्षरांची एक लांबलचक शेपटी, मग "खाडा मांडला".

दिलं तर नको म्हणतो, नाही दिलं तर कुठलं तरी भलतंच घेतो. हा काय प्रकार आहे?

---

अर्धाकप

वाचतोय. मलाही कॉलेजात हाच एरर यायचा. पुढच्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं, "सगळीकडे सेल्फ लिही." मी लिहायला लागलो. का लिहायचं ते आजतागायत माहीत नाही, आणि आठ वर्षं नोकरी करतोय. :)

---

खडूचीधूळ

पोळीभाजीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या प्रयोगात आहे. रिकामा कंस ठेवल्यावर तारखेच्या जागी जे छापलं गेलं ना, तो सुमितच आहे. त्याला नाव-बिव काही दिलेलं नाही, म्हणून पायथन त्याला "गिऱ्हाईक ऑब्जेक्ट" (ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून काढलेली एक वस्तू) म्हणतो आणि पुढे मेमरीतला पत्ता छापतो.

आता वही डोळ्यांसमोर आणा. खाडा मांडायचा तर नुसती तारीख पुरत नाही. कुणाच्या पानावर मांडायचा ते आधी लागतं. वहीत तुम्ही सुमितचं पान उघडता आणि मग तारीख लिहिता. पायथनमध्ये टिंबाच्या डावीकडे "सुमित" लिहिणं म्हणजे पान उघडणं. ते उघडलेलं पान पायथन स्वतःहून मेथडच्या कंसात पहिल्या जागेवर नेऊन ठेवतो. म्हणजे तुम्ही लिहिता

```
सुमित.खाडा_टाक("१२ जून")
```

आणि पायथन ते वाचतो असं:

```
गिऱ्हाईक.खाडा_टाक(सुमित, "१२ जून")
```

ही दुसरी ओळ समजावण्यापुरती नाही बरं का. खरोखर तशी लिहून चालवून बघा, चालते. मोजा आता: कंसात किती गेले? दोन. तुमच्या डेफमध्ये जागा किती? एक. तक्रार रास्त आहे. ती इंग्रजीत "दोन दिली" म्हणते तिथेच माणूस अडकतो, कारण त्यातलं एक आपण दिलेलंच नसतं.

तेव्हा डेफच्या ओळीत पहिली जागा त्या पानासाठी राखायची. रिवाजानं तिला सेल्फ म्हणतात. (खालचं अपेंड म्हणजे यादीत भर घालणं.)

```
डेफ खाडा_टाक(सेल्फ, तारीख):
    सेल्फ.खाडे.अपेंड(तारीख)
```

कॉल करताना मात्र पूर्वीसारखी एकच तारीख द्यायची. लिहिताना दोन, बोलावताना एक. हे एकदा डोक्यात बसलं की हा एरर परत आला तरी घाबरायला होत नाही.

दुसरं म्हणजे, नुसतं प्रिंट करून काही साठत नाही. कंसात आलेली "तारीख" मेथड संपली की गेली. जे महिनाअखेरपर्यंत टिकायला हवं ते सेल्फच्या टिंबापुढे ठेवायचं. म्हणून वर सेल्फ.खाडे लिहिलंय. ही यादी आधी कुठे तरी बनवावी लागेल, ते काम __इनिट__ नावाच्या मेथडचं. तिला आपण हाक मारायची नसते. गिऱ्हाईक() म्हटलं की ती आपसूक चालते.

---

कॉलमवाला

४२ पोरांच्या हिशेबाला पायथन? एक्सेल घ्या, काउंटइफ (मोजणीचं सूत्र) टाका, अर्ध्या तासात मोकळ्या व्हाल. उगाच तोफेनं माशी.

---

पोळीभाजी

@कॉलमवाला, एक्सेल करून झालंय हो. मार्चमध्ये धाकट्यानं त्यात सॉर्ट मारलं, ते फक्त नावांच्या कॉलमला. खाडे जिथल्या तिथे आणि नावं सगळी अआइईप्रमाणे. दोन पोरांना तर फुकट जेवल्यासारखं बिल गेलं. तेव्हापासून मी आणि एक्सेल बोलत नाही.

@खडूचीधूळ सर, पानाचं पटलं!! बदलून पाहिलं, चाललं. रात्री साडेअकराला ओट्यापाशी उभं राहून मी टाळ्या वाजवल्या, ह्यांना वाटलं कुकरचं काही झालं.

आता पुढचं. बिलाची मेथड लिहिली (लेन म्हणजे यादीत किती ते मोजणं):

```
डेफ बिल(सेल्फ):
    प्रिंट(३००० - लेन(सेल्फ.खाडे) * ४०)
```

प्रिंट(सुमित.बिल) केलं तर बिल येतच नाही, "बाउंड मेथड" असं काही तरी येतं. आणि सगळ्यांची बेरीज करायला गेले तर "अनसपोर्टेड ऑपरँड टाइप", "इंट अँड ननटाइप". ही नन कोण?

---

गोलकंस

मठातली नव्हे. :D

ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुमित.बिल म्हणजे मेथडकडे बोट दाखवणं. सुमित.बिल() म्हणजे तिला कामाला लावणं. कंस हेच बोलावणं. कंसात द्यायला काही नसलं तरी कंस लागतोच. तुम्ही कंस न देता छाप म्हणालात, म्हणून त्यानं मेथडचीच ओळख छापली: ही गिऱ्हाईक क्लासातली बिल मेथड, या अमुक ऑब्जेक्टला बांधलेली. बाउंड म्हणजे बांधलेली, बिलातलं बंधन नाही.

वाईट भाग असा की कंस विसरला तर पायथन ओरडत नाही. "इफ सुमित.बाकी_आहे:" असं कंसाशिवाय लिहिलंत तर ते नेहमीच खरं धरलं जातं, कारण मेथड "आहे" ना! पैसे देऊन बसलेल्या पोराला तगादा लावाल. माझ्या नावावरून कळलं असेलच की या चुकीनं मी किती पोळलोय.

नन अशी: प्रत्येक मेथड कॉल करणाऱ्याला काही तरी परत देते. तुम्ही रिटर्न लिहिलं नाहीत तर पायथन "काही नाही" या अर्थाची एक वस्तू परत देतो, तिचं नाव नन. तुमच्या बिल मेथडनं आकडा पडद्यावर ओरडून सांगितला, हातात मात्र काही ठेवलं नाही. बेरजेला हातात आकडा लागतो.

```
डेफ बिल(सेल्फ):
    रिटर्न ३००० - लेन(सेल्फ.खाडे) * ४०
```

छापायचं तिथे प्रिंट(सुमित.बिल()) करा. मेथडच्या पोटात प्रिंट ठेवू नका. उद्या तेच बिल व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर अडेल.

---

धोपटमार्ग

मी जावावाला, म्हणजे जावा या दुसऱ्या भाषेत लिहिणारा. हे सेल्फ प्रकरण मला कायम पायथनचा आळस वाटत आलंय. जावामध्ये, सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट "धिस" या नावानं आपोआप मिळतो, डेफिनिशनमध्ये लिहावं लागत नाही. इथे प्रत्येक मेथडमध्ये तेच ते चार अक्षरी पालुपद. कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) जे माहीत आहे ते माणसाकडून का लिहून घ्यायचं? एवढी लोकप्रिय भाषा आणि नवशिक्याचा पहिला आठवडा यातच जातो.

---

जुना_सर्व्हर

@धोपटमार्ग, आळस नाही, हट्ट आहे. दोन्हींत फरक आहे.

गिदो व्हान रॉसम ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत होते तेव्हा, १९८९ च्या नाताळाच्या सुमारास त्यांनी पायथन लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ०.९.० ही आवृत्ती लोकांपुढे आली, तिच्यातही क्लास होते. पहिल्या जागी ऑब्जेक्ट उघडपणे घ्यायची कल्पना मोड्युला-३ या भाषेवरून उचललेली. फायदा असा की मेथडसाठी वेगळं यंत्रच लागलं नाही. मेथड म्हणजे साधं फंक्शन, फक्त क्लासच्या आत लिहिलेलं. टिंबानं बोलावलं की पहिली जागा भरून मिळते, बस. २००८ मध्ये "सेल्फ काढून टाका" अशी सूचना जोरात आली, तेव्हा गिदोंनी ब्लॉग लिहून हे का राहणार ते सांगितलं. खडूचीधूळ यांनी वर दिलेल्या दोन ओळी एकमेकींच्या बरोबर आहेत, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

आणि हे एकट्या पायथनचं खूळ नाही. गो भाषेत मेथडच्या नावाआधी एक स्वतंत्र कंस काढून त्यात ऑब्जेक्ट लिहावा लागतो. रस्टमध्येही मेथडच्या पहिल्या जागी सेल्फ लिहावंच लागतं. त्या दोन्ही भाषा पायथननंतरच्या आहेत.

आपोआप मिळणाऱ्या "धिस"चं दुखणं बघायचं असेल तर जावास्क्रिप्टमध्ये बघा. मेथड ऑब्जेक्टपासून सुटी करून बाजूला ठेवली आणि मग बोलावली की "धिस" हरवतं. पायथनमध्ये

```
क = सुमित.खाडा_टाक
क("१३ जून")
```

असं केलं तरी खाडा सुमितच्याच पानावर पडतो. "बाउंड मेथड" म्हणून जे ताईंना छापून आलं ते हेच. मेथड आणि पान एकत्र बांधून दिलेलं पुडकं.

---

धोपटमार्ग

जावास्क्रिप्टशी तुलना म्हणजे कुणीही चांगलंच दिसणार. :) पण पुडक्याचं मान्य.

ताई, जावाची एक चांगली सवय मात्र उचला. बिल नावाच्या दोन मेथड लिहा, एक कंसात काही न घेणारी पूर्ण महिन्याची, दुसरी दिवसांची संख्या घेणारी अर्ध्या महिन्याच्या मेंबरांसाठी. योग्य ती आपोआप निवडली जाते.

---

खडूचीधूळ

ताई, थांबा, हे करू नका! पायथनमध्ये एकाच क्लासात एकाच नावाच्या दोन मेथड लिहिल्या की खालची वरचीला पुसून टाकते. एरर नाही, सूचना नाही. वहीत त्याच ओळीवर गिरवल्यासारखं. एकच मेथड ठेवा आणि दिवसांना ठरलेली किंमत द्या: डेफ बिल(सेल्फ, दिवस=३०). कुणी दिवस सांगितले नाहीत तर ३० धरले जातात.

---

धोपटमार्ग

बरोबर. प्रतिसाद घाईत दिला. जावाची जुनी खोड.

---

पोळीभाजी

हे ठरलेल्या किमतीचं फारच आवडलं. म्हणून तेच __इनिट__मध्येही वापरलं, नवीन मेंबर आला की खाडे रिकामे धर म्हणून:

```
डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, खाडे=[]):
    सेल्फ.नाव = नाव
    सेल्फ.खाडे = खाडे
```

आणि आता घात झालाय. तीन पोरांवर चाचणी घेतली. सुमितचे ४ खाडे, अक्षयचे २, रोहित तर महिनाभर एक घासही न चुकवणारा, त्याचा शून्य. बिलं यायला हवीत २८४०, २९२० आणि ३०००. आली किती? तिघांची २७६०! बेरीज ८७६० च्या जागी ८२८०, म्हणजे तिघांतच ४८० रुपयांचं नुकसान. ४२ जणांचं केलं तर मी पोरांनाच उलटे पैसे द्यायला लागेन.

तीनदा तपासलं. सुमितचे खाडे सुमितलाच टाकतेय, टिंबाच्या डावीकडे सुमितच आहे. सेल्फही आहे. मग?

---

अर्धाकप

आई गं. हे मी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या प्रोग्रॅममध्ये, केलंय.

---

गोलकंस

४ + २ + ० = ६. ६ × ४० = २४०. तिघांनाही सहा-सहा खाडे लागलेत. म्हणजे पानं तीन, पण खाड्यांची यादी एकच आहे. हे चालवा (इज म्हणजे दोन्ही एकच वस्तू आहेत का):

```
प्रिंट(सुमित.खाडे इज रोहित.खाडे)
```

"ट्रू", म्हणजे खरं, येईल.

---

पोळीभाजी

आलं. ट्रू. पण का?? मी तर प्रत्येक वेळी रिकामा चौकोनी कंस देतेय.

---

जुना_सर्व्हर

प्रत्येक वेळी देताय असं वाटतं, देताय एकदाच. पायथनमधला हा सर्वांत प्रसिद्ध खड्डा आहे. जरा सावकाश सांगतो.

डेफची ओळ आणि कॉलची ओळ या दोन वेगळ्या वेळी घडतात. आपण सगळे डेफकडे कागदावरच्या नियमासारखं बघतो, जणू तो नुसता लिहून ठेवलाय आणि काही घडत नाही. पायथनमध्ये डेफ ही स्वतः एक चालणारी ओळ आहे. पायथन वरून खाली वाचत येतो, डेफपाशी पोचतो आणि तिथेच मेथड नावाची वस्तू तयार करतो. मेथडच्या पोटातलं तेव्हा चालवत नाही, ते कॉल झाल्यावर. पण कंसातल्या बरोबरच्या चिन्हापुढे जे लिहिलंय, ते मात्र तेव्हाच, डेफच्या वेळीच, एकदा काढून मेथडच्या खिशात ठेवतो.

तुमची रिकामी यादी अशी एकदाच जन्मली. सुमित आला, खाडे दिले नाहीत, म्हणून त्याला खिशातली यादी दिली. अक्षय आला, त्यालाही तीच. रोहितलाही तीच. तुमच्या भाषेत: गावाला जाताना तुम्ही शेजारणीला एक कोरा कागद देऊन गेलात, "नवीन पोरगं आलं की याच्यावर खाडे मांड". प्रत्येकासाठी नवा कागद घे, असं सांगितलंच नाही.

मग दिवस=३० ला काही झालं नाही, ते का? कारण ३० या आकड्यात कुणी काही "टाकू" शकत नाही. यादीत अपेंड होतं, आकड्यात होत नाही. बदलता येणारी वस्तू डिफॉल्टला (ठरलेल्या किमतीच्या जागी) ठेवली की ही गोची.

यादी सोडा, तारखेनंही मी मार खाल्लाय. जुन्या नोकरीत एक मेथड होती, कंसात "तारीख = आजची तारीख काढणारा कॉल" असं डिफॉल्ट. चाचणीत नेहमी बरोबर, कारण चाचणी चालवली की प्रोग्रॅम नव्यानं सुरू. प्रत्यक्षात सर्व्हर अकरा दिवस न थांबता चालला आणि अकराही दिवसांच्या पावत्यांवर पहिल्या दिवसाचीच तारीख. हिशेबनीस बाईंनी पकडलं, आमच्यातल्या कुणी नाही.

उपाय साधा: डिफॉल्टला नन ठेवायचं आणि नवी यादी आत बनवायची. आतलं प्रत्येक कॉलला नव्यानं चालतं.

```
डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, खाडे=नन):
    इफ खाडे इज नन:
        खाडे = []
    सेल्फ.नाव = नाव
    सेल्फ.खाडे = खाडे
```

---

खडूचीधूळ

अगदी नेमकं. मी मात्र ताईंना याहून सोपं सांगेन. नव्या मेंबराचे खाडे बाहेरून यायचेच नाहीत, तर कंसात ठेवूच नका. आत सरळ सेल्फ.खाडे = [] लिहा. जी गोष्ट कुणी देणार नाही तिला दार कशाला ठेवायचं?

आणि कुणी "मग खाडे = [] ही ओळ क्लासच्या खालीच, डेफच्या बाहेर लिहा" असं सुचवलं तर ऐकू नका. ती यादीही सगळ्यांत सामाईक होते. वर्गात दर वर्षी निम्मी मुलं एका खड्ड्यातून निघून या दुसऱ्यात पडतात.

---

नखाएवढं

थोडं अवांतर, पण राहवत नाही. "सेल्फ" हा पायथनचा राखीव शब्द नाही, निव्वळ रिवाज आहे. पायथन ३ पासून, म्हणजे २००८ पासून, नावं देवनागरीत ठेवता येतात, मग पहिल्या जागेला "स्वतः" का म्हणू नये? मी हौसेनं एक अख्खी फाइल तशी लिहिली. अनुभव सांगतो.

एक: आपण बहुतेक जण "स्वतः"मधला विसर्ग कीबोर्डवर सापडत नाही म्हणून अपूर्णविराम ठोकतो, "स्वत:". डोळ्याला सारखंच. पण पायथनमध्ये तो अपूर्णविराम म्हणजे व्याकरणाचं चिन्ह, लगेच सिंटॅक्सएरर, म्हणजे व्याकरणाची चूक. खरा विसर्ग टाकला की बिनतक्रार चालतं. शाळेत शुद्धलेखनाला जेवढे गुण गेले नसतील तेवढा वेळ माझा यात गेला.

दोन: ताई, तुमचं "गिऱ्हाईक" नशिबानं चाललंय. काही कीबोर्ड तो अर्धा र साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून काढतात. ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही. नुक्ता असलेला ऱ वापरला तरच चालतं. "कऱ्हाड"चंही तेच.

तीन, आणि हे खास: कोडमध्ये थेट ३००० असा देवनागरी आकडा लिहिला तर पायथन हटून बसतो, तिथे इंग्रजी आकडेच लागतात. पण अवतरणात "३०००" लिहून ते इंट()ला दिलं, तर तो निमूटपणे आकडा करून देतो! म्हणजे मराठी आकडे वाचता येतात साहेबांना, बोलायचं नाही एवढंच.

---

धोपटमार्ग

हाहा, विसर्गाचं भारी. पण टीममध्ये "स्वतः" लिहिलंत तर शेजारचा तेलुगू भाषक तुम्हाला बघून घेईल.

---

जुना_सर्व्हर

नखाएवढं यांना दंडवत. तरी सेल्फच ठेवा, ताई. चुकून अडकलात आणि कुणाला फाइल दाखवलीत, तर पहिल्या जागी सेल्फ दिसलं की वाचणारा पुढे सरकतो. तिथे दुसरं काही दिसलं तर तो तिथेच थबकतो.

---

पोळीभाजी

नखाएवढं, मला आत्ता कळलं लॅपटॉपवर "गिऱ्हाईक" चालतं आणि मोबाईलवरून पाठवलेलं का चालत नव्हतं ते! मला वाटलं व्हॉट्सॲपनं काही खाल्लं.

सेल्फच ठेवलं. खाडे आत नेले. बिलं २८४०, २९२०, ३०००. जमलं!!

एकच राहिलं. आता खाड्याला वेळही जोडलीय, सकाळ की रात्र. डेफ खाडा_टाक(सेल्फ, तारीख, वेळ). पण कॉल करताना गडबडीत मी दोनदा उलटं दिलं, आधी "रात्र" मग "१४ जून". त्यानं मुकाट घेतलं.

---

गोलकंस

घेणारच. त्याला दोन्ही नुसते शब्द. क्रम हीच त्याची ओळख. तुम्ही नावानं द्या:

```
सुमित.खाडा_टाक(वेळ="रात्र", तारीख="१४ जून")
```

मग क्रम काहीही चालतो. आणि स्वतःवर भरवसा नसेल तर डेफमध्ये सेल्फनंतर एक चांदणी टाका: डेफ खाडा_टाक(सेल्फ, *, तारीख, वेळ). चांदणीनंतरचं सगळं नावानंच द्यावं लागतं, विसरलात तर लगेच एरर. पैशाच्या हिशेबात मी नेहमी टाकतो.

---

कॉलमवाला

मान्य. एक्सेलमध्ये चांदणी नाही. (म्हणजे आहे, पण गुणाकाराची.)

---

पोळीभाजी

चांदणी टाकली. आज ४२ जणांची जूनची बिलं काढली. वहीशी ताडून पाहिली, ३९ जुळली. उरलेल्या तिघांपैकी दोघांचं वहीतच चुकलेलं होतं, माझी वजाबाकी. तिसरा सुमित. तो म्हणतो पाचवा खाडा आदल्या रात्री सांगितला होता, मी म्हणते सकाळी सांगितला. वहीत नाही आणि फाइलीतही नाही. ४० रुपये सोडले.

आता लॅपटॉप बंद केला की सगळ्यांचे खाडे जातात, ते फाइलीत साठवायचं कसं ते विचारायचंय. भाच्याचा फोन आला होता, म्हणाला "पिकल कर." (पायथनमधल्या साठवणीचं नाव म्हणे.) मी म्हटलं लोणचं घालतेच आहे, कैऱ्या संपत आल्यात, आधी ते होऊ दे. नवा धागा काढते.